एका क्लिकमध्ये निघत नाही, पण फेकही नाही! तेजोमेघांचे रंगीत फोटो नेमके काढतात कसे?

इन्स्टाग्रामवर गुलाबी-जांभळ्या तेजोमेघाचा फोटो दिसला की खाली दोन कमेंट ठरलेल्या असतात. पहिली, 'कॅमेरा कुठला?' आणि दुसरी, 'एआयने बनवलाय, फेक आहे.' दुसऱ्या कमेंटने फोटो काढणाऱ्याची मेहनत वाया जाते, तर पहिलीमुळे नवख्यांचे पैसे. महागडा कॅमेरा घेतला, छतावर गेले, काळं आकाश आणि चार ठिपके मिळाले, कॅमेरा कपाटात! म्हणून आधी हे प्रकरण समजून घेऊया.

डीप-स्काय म्हणजे काय?

सूर्यमालेबाहेरचे तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका म्हणजे डीप-स्काय. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ दिसणारा अंधुक पुंजका, म्हणजेच एम 42 तेजोमेघ, सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवर आहे. देवयानी दीर्घिका तर 25 लाख प्रकाशवर्षांवर. गंमत म्हणजे आकाशात देवयानीची लांबी पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट भरते! म्हणजे अडचण आकाराची नाही, अंधुकपणाची आहे. त्यामुळे प्रचंड झूम लागत नाही, प्रकाश गोळा करायला वेळ लागतो.

मग शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर?

इथे पृथ्वी आडवी येते. ती फिरते, त्यामुळे आकाश तासाला 15 अंश सरकतं आणि फोटोत ताऱ्यांच्या रेघा उमटतात. यासाठी '500 चा नियम' वापरतात. 500 ला लेन्सच्या फोकल लेंथने भागायचं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिमीची लेन्स असेल तर जेमतेम 10 सेकंद मिळतात. हा नियम ढोबळ आहे, पण साध्या ट्रायपॉडवर सुरुवात करायला पुरतो.

पहिला मोठा खर्च कशावर करायचा?

कॅमेऱ्यावर नाही, माउंटवर. कॅमेरा किंवा दुर्बीण ज्यावर बसते आणि आकाशाच्या वेगाने फिरते, ते यंत्र म्हणजे माउंट. त्याचं छोटं रूप म्हणजे स्टार ट्रॅकर. त्याचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो. नागपूर साधारण 21 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे इथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. उत्तरेला इमारत असेल तर तो दिसायचाच नाही!

साधारण क्रम असा : जुना डीएसएलआर आणि ट्रायपॉड, मग ट्रॅकर, मग छोटी दुर्बीण, इक्वेटोरियल माउंट आणि ट्रॅकिंगच्या चुका सुधारणारा गाइड कॅमेरा. शेवटी सेन्सर थंड ठेवणारा खास कॅमेरा. सेन्सर जितका तापेल तितका नॉइज वाढतो. नागपूरच्या उन्हाळ्यात, रात्रीही उकडत असताना, त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

सॉफ्टवेअर काय करतं?

एकाच भागाचे शेकडो फोटो काढले जातात. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर ताऱ्यांच्या आधारे ते एकावर एक जुळवतात. याला स्टॅकिंग म्हणतात. तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक फोटोत जागेवर असतो, नॉइज मात्र दर वेळी वेगळा पडतो. सरासरी काढली की तो दबतो. 4 फोटोंनी निम्मा, 100 फोटोंनी दहावा हिस्सा!

सोबत लेन्सवर झाकण लावून काढलेल्या 'डार्क' फ्रेम लागतात. त्यांनी सेन्सरचे दोष वजा होतात. एकसारख्या उजेडात काढलेल्या 'फ्लॅट' फ्रेम धुळीचे डाग आणि कडांचा काळेपणा काढतात.

2021 मध्ये पुण्याच्या 16 वर्षांच्या प्रथमेश जाजूचा चंद्राचा फोटो व्हायरल झाला होता. तोही 50 हजारांहून अधिक प्रतिमा एकत्र करून तयार झाला होता.

मग हे फेक नाही?

स्टॅक केलेला फोटो सुरुवातीला जवळपास काळाच दिसतो. माहिती त्यात असते, पण गडद भागात दाटलेली. सॉफ्टवेअरमध्ये ती ताणून उजळ करतात, त्याला 'स्ट्रेचिंग' म्हणतात. तेजोमेघाचा लाल रंग हायड्रोजनचा आहे. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, म्हणून दुर्बिणीतून तो करडा दिसतो. काही फोटोंत वेगवेगळ्या वायूंना ठरवून रंग दिले जातात, पण प्रामाणिक छायाचित्रकार तसं लिहितात. नसलेला तेजोमेघ रंगवला, तरच तो फेक.

नागपूरकरांकडे काय आहे?

सगळं विकत मिळतं, अंधार मिळत नाही. शहराचा उजेड आकाश धुऊन टाकतो. फिल्टर थोडी मदत करतात, पण दीर्घिकांचा प्रकाश सर्वच रंगांचा असतो, तिथे तेही हात टेकतात.

मात्र नागपूर जिल्ह्यातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून उजेड खाली जमिनीकडे वळवण्यात आला. रात्री तिथे जायचं तर वनविभागाची परवानगी घ्या. पावसाळ्यात आशा नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली अमावास्या गाठा.

पहिल्या रात्री घरातला कॅमेरा, ट्रायपॉड आणि मृग नक्षत्र एवढंच पुरे. 10 सेकंदांचे 100 फोटो काढा आणि सिरिलमध्ये टाका. काळ्या चौकोनातून पुसटसा गुलाबी डाग वर आला, की पुढचा खर्च करायचा की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.