मोटारीची चाके बदलताना माप आधी, शोभा नंतर

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव मार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ येडशीवरून पुढे बीड व छत्रपती संभाजीनगरकडे जातो. येडशी ते संभाजीनगर हा सुमारे १९० किलोमीटरचा टप्पा चौपदरी झाल्याने या रस्त्याने वेगवान मोटारी सर्रास धावतात. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, संभाजीनगरजवळ शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. आता जुन्या बाजारातून या ताकदवान गाड्या तरुणांच्या हाती येत आहेत. गाडी घरी आली की बहुतेकांचे पहिले काम म्हणजे मूळ चाके काढून मोठी, चकचकीत अलॉय चाके बसवणे.

या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. कोणी टायरचे दुकान चालवतो, कोणी अलाइनमेंट करतो, कोणी डेंटिंग-पेंटिंग करतो. म्हणून या विषयाची थोडी माहिती असणे गिऱ्हाईक व कारागीर दोघांच्याही फायद्याचे आहे. पन्हा न पाहता कापड फाडले तर नुकसान फार तर एका सदऱ्याचे होते. चाकाचे माप चुकले तर गाडीत बसलेले अख्खे घर धोक्यात येते.

व्यास कसा पाहावा?

टायरच्या कडेवर २०५/५५ आर १६ असे आकडे असतात. २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के उंचीची बाजू, आणि १६ हा रिमचा इंचातील व्यास. रिम मोठी घेतली तर टायरची बाजू त्या प्रमाणात कमी करून एकूण व्यास कायम ठेवावा लागतो. हिशेब करून पाहा. २०५/५५ आर १६ चा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर, २२५/४५ आर १७ चा ६३४, आणि २२५/४० आर १८ चा ६३७ येतो. फरक एक टक्क्याच्या आत आहे. पण कोणी २२५/५० आर १७ बसवले तर व्यास ६५७ होतो. मग मीटर १०० दाखवत असताना गाडी १०३ च्या पुढे पळत असते.

२०२० मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ ला कंपनीनेच १८ इंची चाके दिली होती. तरीही आपल्या भागात १७ इंच हा शहाणपणाचा सौदा आहे. १७ इंचीत टायरची बाजू १०१ मिलिमीटर राहते, १८ इंचीत ९०. उसाच्या हंगामात उखडलेल्या रस्त्यावर हे ११ मिलिमीटर रबरच रिम वाचवते.

ऑफसेट म्हणजे काय?

खरा घोटाळा येथे होतो, कारण हे माप डोळ्याला दिसत नाही. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य धरला, तर हबला टेकणारी बाजू त्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. रिमवर तो ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. आकडा मोठा असेल तर चाक आत जाते, लहान असेल तर बाहेर येते.

समजा, मूळ रिम ७ इंच रुंद व ईटी ४९ ची आहे आणि गिऱ्हाईकाला ८ इंची, ईटी ३५ ची रिम आवडली. रुंदी वाढल्याने दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढले. ऑफसेट कमी झाल्याने चाक १४ मिलिमीटर बाहेर सरकले. म्हणजे बाहेरची कड तब्बल २६.७ मिलिमीटर पुढे आली, आतली मात्र १.३ मिलिमीटर मागे हटली. उभ्या गाडीत हे रुबाबदार दिसते. पाच माणसे व सामान भरले की टायर मडगार्डला घासतो, बेअरिंगवर ताण येतो आणि खड्ड्यात स्टेअरिंग हातातून ओढले जाते. उलट ऑफसेट फार मोठा घेतला तर टायर आत शॉकअॅब्जॉर्बरला लागतो.

कारागिरांनी काय सांभाळावे?

२०१३ मध्ये आपल्याकडे आलेल्या ऑक्टाव्हियाला ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट आणि मध्ये ५७.१ मिलिमीटरचा हब आहे. बाहेरच्या रिमचे मधले भोक बहुधा मोठे असते. तेथे योग्य मापाची हब रिंग घातली नाही तर वेगात गाडी थरथरते. कंपनीच्या बोल्टचे तोंड गोल असते, बाजारातील पुष्कळ रिमला मात्र निमुळत्या तोंडाचे बोल्ट लागतात. जुनेच बोल्ट ठोकून बसवले तर ते सैल पडतात. टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला कसावे आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे. टायरवरील भाराचा आकडाही मूळपेक्षा कमी नसावा. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. रिमवर कोरलेली भारक्षमताही पाहावी. तडा गेलेली अलॉय रिम वेल्डिंग करून परत बसवणे तर कधीच करू नये.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. इंधन टाकीच्या झाकणाआतील चिठ्ठीवर कंपनीची मान्य मापे दिलेली असतात. त्यांतूनच निवड करावी आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारावे.

दुकानदारांनी बिलावर टायरचे माप, रिमची रुंदी व ईटी लिहून द्यावी. न बसणाऱ्या मापाला ‘नाही’ म्हणावे. एक सौदा हातचा जाईल, पण महामार्गावरच्या दुकानाची पत टिकेल. गिऱ्हाईक पुन्हा येते ते या भरवशावरच.