सरकारविरुद्ध जिंकलेल्या खटल्याचे पैसे कुठे अडतात?

सरकारविरुद्ध दावा जिंकला म्हणजे पैसे हातात पडले, असे होत नाही. न्यायालय रक्कम ठरवते, पण ती तिजोरीतून काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही कायद्याने केलेल्या विनियोजनाशिवाय काढता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 266 सांगते, आणि विनियोजनाचा कायदा करणे हे विधिमंडळाचे काम. मग न्यायालयाने शेतकऱ्याला किंवा ठेकेदाराला दिलेली रक्कम विधानसभेने बहुमताने फेटाळली तर? घटनाकारांनी ही शक्यता कलम 202 मध्येच मिटवून टाकली. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार आणि राज्याच्या कर्जावरचे व्याज यांच्या पंक्तीला त्यांनी न्यायालयाचा निकाल, हुकूमनामा आणि लवादाचा निवाडा यांची रक्कम बसवली. हा सगळा ‘भारित’ खर्च. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ अशी जी विभागणी दिसते, तिचा अर्थ हाच. कल्पना काही नवी नव्हती. 1935 च्या भारत सरकार कायद्यातही ती होती.

ही तरतूद नसती तर काय झाले असते, हे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात पाहायला मिळते. तिथल्या 1974 च्या राज्यघटनेने नागरिकाला सरकारवर दावा लावायची मुभा दिली, पण निकालाची रक्कम विधिमंडळाने खास त्यासाठी मंजूर केलेल्या पैशातूनच देता येईल, अशी अटही घातली. त्यामुळे एकेका निकालासाठी वेगळे विधेयक आणावे लागते आणि जिंकलेल्या माणसाला आमदारांच्या मर्जीची वाट पाहावी लागते. 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच या अटीची धार थोडी बोथट केली. न्यू ऑर्लिन्समधील पूरनियंत्रणाच्या कामात घरादाराचे नुकसान झालेल्यांचा तो खटला होता. खाजगी मालमत्तेच्या नुकसानीची ठरलेली भरपाई देणे हे सार्वजनिक संस्थेचे बंधनकारक कर्तव्य आहे आणि न्यायालय ते बजावायला लावू शकते, असे त्यात ठरले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पैसा जनतेचा आहे. तो कुठे खर्च व्हावा हे लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवायचे की न्यायाधीशांनी? लोकशाहीत उत्तर उघड वाटते. पण धरण कुठे बांधायचे, रस्ता कुणाच्या शेतातून न्यायचा, ठेका कुणाला द्यायचा, हे निर्णय लोकप्रतिनिधींच्या सरकारनेच आधी घेतलेले असतात. हुकूमनामा येतो तो त्या निर्णयाचे राहिलेले देणे घेऊन. जमीन ताब्यात घेतली तेव्हाच खर्च झाला, न्यायालयाने फक्त त्याचा आकडा दुरुस्त केला. उधारीवर माल नेणाऱ्याने बिल आल्यावर घरात मतदान घ्यावे, तसा हा युक्तिवाद आहे. विधिमंडळाला कायदा बदलता येतो, पण दोन पक्षांमध्ये लागलेला निकाल केवळ बहुमताच्या जोरावर पुसून टाकता येत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

तरीही महाराष्ट्रात जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खुर्च्या, संगणक, कधी साहेबांची गाडी जप्त करायला बेलिफ आल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतातच. मतदान नसताना पैसे का अडतात? कारण भारित रक्कमही विनियोजन विधेयकात यावीच लागते, आणि ती कधी मागायची हे सरकार ठरवते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 82 सरकारला हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिन्यांची सवलत देते. त्याआधी सरकारविरुद्ध दरखास्तीत वसुलीचा आदेश निघत नाही. पुढे अपील, मग तरतूद नाही म्हणून पुरवणी मागण्यांची वाट. भूसंपादनात आणखी एक गाठ असते. जमीन पाटबंधारे महामंडळासाठी घेतलेली असेल, तर हुकूमनामा शासनाच्याही नावे असला तरी पैसा महामंडळाकडून यायचा असतो, आणि महामंडळाचे खाते म्हणजे राज्याचा एकत्रित निधी नव्हे. म्हणजे कलम 202 चे संरक्षण जिथे सर्वांत जास्त हवे, नेमके तिथेच ते पातळ होते.

दुसरा आक्षेप अर्थखात्याचा: तिजोरीत खडखडाट असताना शाळा आणि दवाखाने थांबवून जुनी देणी फेडायची का? ऐकायला हे दयाळू वाटते, हिशेबात टिकत नाही. 1894 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे वाढीव मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि नंतर दरसाल 15 टक्के व्याज लागते. 2013 च्या कायद्यानेही हेच दर ठेवले. एक लाख रुपये दहा वर्षे थकले, तर सरळव्याजानेच एक लाख 44 हजार वर चढतात. अलीकडच्या वर्षांत राज्य सरकारे बाजारातून साधारण सात-आठ टक्क्यांनी कर्ज उचलत आली आहेत. म्हणजे कर्ज काढून शेतकऱ्याचे देणे लगेच चुकते करणे त्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा स्वस्त पडते. शाळेचा पैसा खातो तो हा उशीर. अपिलाचा हक्क सरकारला आहेच, आणि जिल्हा न्यायालयांचे काही निकाल खरोखर अवाच्या सव्वा असतात. पण अपिलाबरोबर निदान निर्विवाद रक्कम जमा केली, तर तेवढ्यावरचे व्याज तिथेच थांबते.

उपायासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. कोणत्या विभागाकडे किती हुकूमनाम्यांची किती रक्कम थकली आहे आणि त्यावर वर्षाला किती व्याज चढते, याचे एक विवरणपत्र दर अर्थसंकल्पासोबत सभागृहापुढे ठेवायला सरकारला कुणी अडवलेले नाही. कलम 203 ने आमदारांचे मत काढून घेतले, बोलण्याचा हक्क नाही. भारित बाबींवर मतदान नाही म्हणून त्या न वाचताच पुढे सरकू देण्याची सवय मात्र सभागृहाने स्वतःच लावून घेतली आहे. पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातील, तेव्हा आपल्या आमदाराला एवढेच विचारा: यातल्या न्यायालयीन देण्यांत मूळ रक्कम किती, आणि उशिराचे व्याज किती?