आजीच्या गोळीचा अर्धा तास

आजीने गोळी घेतली ना? मग ये बाय, अशी ओटीवर बस. आता अर्धा तास ती काही खाणार नाही. काल तू विचारलंस, जेवण पोटात गेल्यावर जळजळ होते, मग गोळी जेवणाआधी कशाला? त्याचीच गोष्ट सांगतो.

आपल्या सरावलीवरून एमआयडीसीकडे टँकर जातात, पाठीवर धोक्याची पाटी लावलेले. त्यातल्या काहींत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. मी प्लांटवर होतो तेव्हा ते अ‍ॅसिड आम्ही जीएलआरमध्ये घ्यायचो. जीएलआर म्हणजे बाहेरून लोखंडाची आणि आतून काचेचा थर दिलेली मोठी टाकी. त्या काचेचा नखाएवढा टवका उडाला तरी अ‍ॅसिड खालचं लोखंड खायला लागायचं आणि काम थांबवावं लागायचं.

तेच अ‍ॅसिड तुझ्या पोटात आहे! लंडनच्या विल्यम प्राउट नावाच्या डॉक्टरने 1824 मध्ये हे दाखवून दिलं. जठरात रोज दीड-दोन लिटर रस पाझरतो आणि तिथे काच नाही. आतून बुळबुळीत श्लेष्माचा थर आहे, त्यात खाण्याच्या सोड्यासारखा क्षार मिसळलेला. खालच्या पेशी झिजतात, पण काही दिवसांतच त्यांच्या जागी नव्या येतात. आम्हाला टाकीच्या अस्तराला कारागीर बोलवावा लागे. इथे अस्तर स्वतःच स्वतःला नवं करतं.

माणसाने हे आत डोकावून पाहिलं ते एका अपघातामुळे. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, जखम भरली, पण पोटाला भोक राहिलं ते राहिलंच. डॉक्टर विल्यम बोमंट रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधून त्या भोकातून आत सोडायचा आणि काही वेळाने ओढून बघायचा. त्याला दिसलं की रस आत साठलेला नसतो, अन्न आलं की पाझरायला लागतो. सेंट मार्टिन चिडला की पचनही बिघडायचं. 1833 मध्ये बोमंटने पुस्तक काढलं, त्याचं नाव झालं. मला मात्र त्या गरीब सेंट मार्टिनचं वाईट वाटतं. पोटासाठी त्याने किती वर्षं आपलं पोट दुसऱ्याला दाखवलं!

मग जेवण आल्याचं जठराला सांगतं कोण? पहिली वर्दी मेंदूकडून व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून येते. ती नुसत्या वासानेही येते, घास तोंडात जायच्या आधी. दुसरी वर्दी गॅस्ट्रिन नावाचं रसायन रक्तातून आणतं. तिसरी शेजारच्या पेशी हिस्टॅमिन सोडून देतात. हे तिन्ही भोंगे वाजले की अ‍ॅसिड करणाऱ्या पेशीत गडबड उडते. एरवी त्या पेशीतले बारीक पंप आतल्या खोल्यांत झोपलेले असतात. भोंगा झाला की ते उठून पेशीच्या काठावर येतात, शिफ्टची माणसं गेटवर यावीत तसे, आणि उपसायला लागतात. रक्तातल्यापेक्षा दहा लाख पटींहून जास्त तीव्र आंबटपणा ते पलीकडे ओततात.

जेम्स ब्लॅक नावाच्या शास्त्रज्ञाने हिस्टॅमिनचा भोंगा बंद करणारं औषध शोधलं. ते सिमेटिडिन 1976 मध्ये बाजारात आलं. पण उरलेले दोन भोंगे वाजतच राहतात ना! म्हणून पुढच्या लोकांनी थेट पंपालाच हात घातला आणि 1988 मध्ये ओमेप्राझोल आलं. आजीची गोळी त्याच घराण्यातली.

आता खरी गंमत ऐक. हे औषध जठरातल्या अ‍ॅसिडमध्ये सापडलं तर तिथेच नासतं. म्हणून त्याला असं वेष्टण देतात, जे जठरात टिकतं आणि आतड्यात विरघळतं. तिथून ते रक्तात शिरतं आणि फिरून जठराच्या त्याच पेशींशी, पण मागच्या दाराने पोचतं. चालू पंपाजवळच्या अ‍ॅसिडमध्ये गेल्यावर त्याचं रूप पालटतं आणि ते पंपाला कायमचं चिकटून बसतं. ज्या अ‍ॅसिडला अडवायचं, तेच त्याला जागं करतं! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर त्याचाच विचार करत होतो.

पण झोपलेल्या पंपाला ते धरू शकत नाही आणि रक्तात ते टिकतं जेमतेम काही तास. म्हणून भोंगा वाजेल तेव्हा ते गेटवर हजर हवं. पेशी नवे पंप बनवत राहते, म्हणून उद्या पुन्हा गोळी.

आजीला ही डॉक्टरांनी तपासून दिली आहे. दुकानातून आपल्या मनाने आणून वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. कारण पोटातलं अ‍ॅसिड अन्नाबरोबर आलेले जंतू मारतं, अन्नातलं लोह अंगी लागायला मदत करतं.

आला का वास? चुलीवर तांदळाची भाकरी पडली. आजीच्या पोटात भोंगा वाजला बघ. किती वाजले? तीस मिनिटं झाली? मग जा, तिला म्हणावं, पानावर बस.