काटकुळ्या बाळाची चरबी

दिवाळी सरली की मराठवाड्यातल्या लोहा, कंधार, मुखेडच्या डोंगराळ पट्ट्यातून ऊसतोडीला गाड्या निघतात. त्यांत पोटुशा बायाही असतात. फडात त्यांनी काय खाल्लं, किती मोळ्या वाहिल्या, हे मुकादमाच्या वहीत कुठून येणार? बाळाच्या शरीरात मात्र ते उमटतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत हेच तपासत आले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण त्वचेखालची चरबी आपल्या बाळांत जवळपास तेवढीच होती. कमी पडले होते स्नायू आणि आतले अवयव. पालेभाज्या, फळं, दूध पोटात गेलेल्या आयांची बाळं मोठी, कष्ट उपसणाऱ्यांची लहान. हीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची रक्तशर्करा वाढलेली निघाली. आणि तपासलेल्या साऱ्यांतली जवळपास निम्मी पोरं तर वजनाने कमीच होती! साखरेचा आजार खात्यापित्या घरचा, हा आपला समज इथे कोसळतो.

हे घडतं कसं? आईच्या खाण्याने पोटातल्या बाळाची जनुकं बदलत नाहीत. त्यांवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट बसतात आणि कुठलं जनुक किती काम करील, हे त्यावरही ठरतं. हे गट पुरवायला फोलेट आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या उपासमारीत गर्भात रुजलेल्यांच्या एका वाढीच्या जनुकावर साठ वर्षांनंतरही हे गट भावंडांपेक्षा कमी आढळले. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढलेल्या आयांची लेकरं आज पन्नाशीपार आहेत. मराठवाड्यातल्या डॉक्टरांनी साखर तपासताना जन्मसालही विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

पुण्याच्या अभ्यासातल्या दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं. बी-१२ भाकरी-वरणातून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं. शाळेत मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फोलिक अ‍ॅसिड असतं, बी-१२ नसतं. ती गोळी हवीच, पण सोबत बी-१२ही द्यायला हवं. याज्ञिकांच्या गटाने नंतर किशोरवयीन मुलामुलींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं, कारण दिवस गेल्याचं कळेपर्यंत गर्भाचे पहिले काही आठवडे सरलेले असतात.