गाडा कोणी न्यायचा?

बकासुराची गोष्ट म्हटली की डोळ्यांपुढे भीम येतो, भाताचा डोंगर येतो आणि पाठीत बुक्के बसत असतानाही घास न सोडणारा त्याचा तो निवांतपणा येतो. शाळेतल्या गोष्टीत एवढंच असतं. आदिपर्वातली मूळ कथा मात्र राक्षसापाशी सुरू होत नाही. ती सुरू होते एका घरातल्या रडण्यापासून.

लाक्षागृहातून वाचलेली कुंती आणि तिचे पाच मुलगे एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी आश्रयाला राहत होते. मुलं दिवसभर भिक्षा मागत. आलेल्यातला निम्मा वाटा एकट्या भीमाचा, उरलेल्या निम्म्यात बाकी सगळे. एके दिवशी चौघे बाहेर, भीम आणि कुंती घरी, आणि यजमानांच्या बाजूने आक्रोश ऐकू आला. त्या कुटुंबाची पाळी आली होती. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडा घेऊन येणारा माणूस, हा बकासुराचा ठरलेला रतीब. या कथेतली एक बाब आपण सहसा सांगत नाही. बकासुर हा त्या नगरीचा रक्षकसुद्धा होता. तिथला राजा दुबळा; परचक्रापासून गावाला हा राक्षसच सांभाळायचा आणि त्याची किंमत घ्यायचा. म्हणजे एकचक्रेच्या लोकांना संरक्षण नव्हतं असं नाही. होतं, ठरावीक हप्त्यावर.

घरात भांडण चाललं होतं ते उलटं. बाप म्हणे मी जातो, आई म्हणे मी, मुलगी म्हणे मी. बोबडं बोलणारा धाकटा हातात गवताची काडी घेऊन म्हणाला की या काडीने मी राक्षसाला मारतो, आणि त्या रडारडीतही सगळ्यांना हसू आलं. व्यासांची ही जागा मला साऱ्या आदिपर्वात फार मोठी वाटते. नेमकी तेव्हाच कुंती आत गेली आणि म्हणाली, मला पाच मुलगे आहेत, त्यातला एक जाईल.

यजमान ऐकेना. पाहुण्याचा जीव घेऊन आपला वाचवायचा हे त्याला पटेना. युधिष्ठिर तर घरी आल्यावर आईवर चिडलाच: ज्याच्या बाहूंच्या भरवशावर आपण रात्री झोपतो, त्यालाच पाठवलंस? कुंतीचं उत्तर दुहेरी आहे. एक, या घराने आपल्याला लपवलं, सांभाळलं. ते फेडायला हवं. दुसरं, भीमाचं बळ मी ऐकून नाही, पाहून सांगते. तान्हा असताना तो माझ्या मांडीवरून खडकावर पडला होता, तेव्हा खडक फुटला होता. श्रद्धा आंधळी असते असं म्हणणाऱ्यांनी ही बाई नीट वाचावी. तिचा भरवसा पुराव्यावर उभा होता, आणि तो तिने ठेवला तो शेजाऱ्याच्या कामी.

ही एकचक्रा म्हणजे आपलं एरंडोल, अशी खानदेशाची पक्की समजूत आहे. बंगालात बीरभूमची माणसं हेच त्यांच्या एकचक्रा गावाबद्दल सांगतात, उत्तर प्रदेशात इटाव्याकडचं चक्रनगर तोच दावा करतं, बिहारात आऱ्याचंही नाव घेतात. कुणाकडेच पुरावा नाही, आणि तो असण्याची गरजही मला वाटत नाही. एरंडोलात पांडववाडा आहे, जवळच्या डोंगरात भीमकुंड आहे. बकासुराशी झुंजल्यानंतर तहानलेल्या भीमाने कोपराने जमीन फोडली आणि पाणी काढलं, ही त्या कुंडाची कथा. जळगाव–धुळे हमरस्त्यावरचं, अंजनी नदीकाठचं, शतकानुशतकं पावसाच्या तोंडाकडे पाहत आलेलं हे गाव. महाभारतात इतकी गावं, इतके प्रसंग. त्यातून या गावाने स्वतःसाठी निवडलं ते घरावर आलेलं संकट आणि आश्रयाला आलेल्या बाईने पुढे केलेला मुलगा.

एरंडोलपासून दहाएक किलोमीटरवर पद्मालय आहे. डोंगरातलं कमळांचं तळं, काठावर काळ्या दगडाचं गणपतीचं देऊळ, आत दोन स्वयंभू मूर्ती: एकीची सोंड उजवीकडे, दुसरीची डावीकडे. भलीमोठी घंटा आणि भीमाचं म्हणून दाखवतात ते जातं पाहण्यात पाहुणे रमतात आणि मूर्तींच्या कथा ऐकायच्या राहून जातात. त्या दोन्ही कथा मोडलेल्या देहांच्या आहेत. एक कार्तवीर्याची. तो हातांविना जन्मला. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून इथे गणेशाची आराधना केली आणि सहस्र बाहू मिळवले. दुसरी शेषाची. सगळं मीच तोलून धरलंय असा त्याला गर्व झाला, शंकराने त्याला आपटलं, मस्तकं फुटली. मग नारदाने त्याला याच देवाकडे धाडलं. एकाला देवाने नसलेलं दिलं, दुसऱ्याचं फुटलेलं सांधलं. मात्र कार्तवीर्याची पुढची गोष्ट पद्मालयात फारशी कुणी सांगत नाही. हेच सहस्र बाहू घेऊन तो जमदग्नींची गाय पळवायला गेला आणि परशुरामाने ते सगळेच्या सगळे छाटले. देवाने दिलेलं बळ कुठल्या कामाला लावलं, यावर बरंच काही अवलंबून असतं. कुंतीला हे ठाऊक होतं, कार्तवीर्याला नव्हतं.

पुराणातून इतिहासात आलं की प्रश्न अवघड होतो, कारण तिथे खडक फुटत नाहीत. १६३० साली पावसाने पाठ फिरवली आणि गुजरात, खानदेश, दख्खन होरपळून निघाले. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या वर्षाच्या अखेरीस सुरतेहून नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरला गेला. वाटेत रस्त्यावर पडलेली प्रेतं आणि पोटची पोरं विकायला काढलेली माणसं त्याने आपल्या वहीत नोंदवून ठेवली आहेत. शहाजहानची छावणी तेव्हा बुऱ्हाणपुरातच होती. मुमताजमहल वारली ती तिथेच, १६३१ च्या जूनमध्ये. बादशहाचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले गेले, वीस सोमवारांत एक लाख. लंगर उघडले, साराही सोडला. एवढं करून माणसं मेलीच. दरबारी लेखणीलाही ते लपवता आलं नाही.

हाच दुष्काळ देहूतही होता. वाण्याचं दुकान बसलं, दिवाळं निघालं, थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. तुकोबांना देवाने राखलं असं म्हणायला इथे तोंड धजत नाही. आणि तरी या माणसाने पुढे काय केलं? पडक्या विठ्ठलमंदिराची डागडुजी केली. लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं निघाली. त्यातला भावाचा वाटा त्याला दिला आणि स्वतःचा वाटा इंद्रायणीत बुडवला. पुढे एका अभंगात तर त्यांनी दिवाळं निघालं, दुष्काळाने गांजलं, ते बरंच झालं असं देवाला सांगितलं. आपली कीर्तनकार मंडळी हा अभंग फार लवकर गोड करून टाकतात. बायको उपाशी मेल्यानंतर ‘बरं झालं’ म्हणणं यात गोड काही नाही. मला त्यात देवाशी केलेला हिशेब दिसतो: तू काही वाचवलं नाहीस, मग आता माझ्याकडे तुझ्याशिवाय उरलंय काय? आणि खतं बुडवण्यात दुसरा हिशेब: मला कुणी सोडवलं नाही, पण माझे कुळवाडी तर सुटतील.

कुंती इथे पुन्हा भेटते. भागवताच्या पहिल्या स्कंधात युद्ध संपलंय, राज्य मिळालंय, कृष्ण द्वारकेला निघालाय, आणि ही म्हातारी त्याला म्हणते की आमच्यावर संकटं येतच राहोत, म्हणजे तुझं दर्शन होत राहील. ज्या बाईने एकचक्रेत भिक्षेचे वाटे केले, तिच्या तोंडी हे शोभतं. गादीवर बसून कुणी दुसऱ्याच्या दुःखाला ‘देवाची परीक्षा’ म्हणावं, हे शोभत नाही. संकट आपल्यावरचं असेल तरच त्याला वरदान म्हणण्याचा अधिकार. शेजाऱ्यावरचं असेल तर आधी त्याच्या दारी जायचं.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना कुणी संत म्हणत नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. १८८० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरी मुलं, त्यातल्या ओंकारला प्लेगने कायमचं अपंगत्व दिलेलं, आणि वाट्याला शेतातली राबणूक. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी टिपून ठेवली म्हणून राहिली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने पुस्तक निघालं. त्यांच्या गाण्यांत देव आहे, पण तो देव्हाऱ्यात बसून राहत नाही. पेरलेल्या बियाण्यात, उगवत्या कोंबात, वाऱ्यावर हलणाऱ्या पानात तो काम करताना दिसतो. हातातल्या बांगड्या फुटल्या तरी मनगटातलं कर्तृत्व उरतं, हे त्यांनी रडण्याच्या ऐन मध्यात स्वतःला बजावलं. तिशीतली विधवा आणि तिचा देव, दोघंही कामाला लागलेले. खानदेशी श्रद्धेचं याहून खरं चित्र मला माहीत नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकी सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं दिली. गुरुजींनी ती भराभर उतरून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. संकटात देवावर भरवसा ठेवा, असा उपदेश बाहेरून करणं सोपं. इथे सांगणारा आणि ऐकणारे सगळेच कोठडीतले. कर्म कर आणि फळ त्याच्यावर सोपव, हे त्यांना शेतसाऱ्याइतकं रोकडं होतं.

गुरुजींचं पुढचं आयुष्य या विषयावर लिहिणाऱ्याला सोयीचं नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी १ ते १० तारखेपर्यंत उपोषण केलं आणि शेवटी बडव्यांना नमावं लागलं. विठ्ठल आपला आहे तर सगळ्यांचा असला पाहिजे, या एका हट्टावर जीव लावला होता. तीन वर्षांनी, ११ जून १९५० ला, याच माणसाने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलं. श्रद्धा असली की माणूस कोसळत नाही, असं जे सरसकट सांगतात त्यांनी हे सांगून दाखवावं. इतरांसाठी गाडा ओढणाऱ्याच्या घरातलं रडणं कधीकधी कुणालाच ऐकू येत नाही.

खानदेशच्या बायकांनी मात्र हे ऐकू यावं याची एक जुनी सोय करून ठेवलेली दिसते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी भाऊबंदांतल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून घेतात. मुंबई-सुरतेला कामाला गेलेला, घराशी भांडून वेगळा निघालेला, त्याचीही मूठ पडते. सोमवारी सकाळी देवीला नदीवर नेतात. वर्ष वाईट असलं तर पुरणाला हात आखडतो, मोजणी आखडत नाही. कोण आहे, कोण नाही, कुणाचं कसं चाललंय, हे त्या मुठी मोजताना आपसूक विचारलं जातं.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी आता थकली आहे. त्यांच्या आठवणींत लालसर मिलो येतो, सुकडी येते, खडी फोडून हाताला आलेले फोड येतात. पाऊस लांबला की लिंबाचा पाला अंगाला बांधून पोरं धोंडी मागत घरोघर फिरायची आणि त्याच घरातल्या बाया सकाळी पाझर तलावाच्या कामावर हजर व्हायच्या. एक भाबडेपणा आणि दुसरा व्यवहार, अशी विभागणी आपण शहरातून करतो. त्या बायांना ती कधी सुचली नसावी. वरून पाणी देणं देवाचं काम, पडलेलं अडवणं आपलं.

कामं मात्र आपोआप निघाली नव्हती. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना आधीच मांडून ठेवली होती. दुष्काळाने ती राज्यभर नेली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैशांचा प्रश्न त्याआधीच सोडवला होता. १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला, तो या योजनेसाठी. मुंबई-पुण्यात पंख्याखाली बसणाऱ्या नोकरदाराच्या पगारातून थोडे रुपये कापायचे आणि त्यातून खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी भागवायची. पगारपत्रकावर तो आजही दिसतो, वर्षाला फार तर अडीच हजार रुपये. कापला जाताना बहुतेक जण कुरकुरतात आणि तो कशासाठी सुरू झाला होता हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.