कोंडीचं बिल कुणाच्या नावावर?

लंडनच्या मध्यवर्ती भागात गाडी नेण्यासाठीचा दिवसाचा आकार २ जानेवारी २०२६ पासून १५ पौंडांवरून १८ पौंडांवर गेला. विजेवरच्या गाड्यांची पूर्ण माफीही संपली. धूर न सोडणारी गाडीसुद्धा रस्ता अडवतेच.

हा हिशेब शिकवला विल्यम विक्रे यांनी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हे प्राध्यापक रेल्वे स्टेशनवरून वर्गाकडे रोलर स्केट्स घालून निघायचे. गाडीवाला आपलं पेट्रोल मोजतो, आपला खोळंबा मोजतो. त्याच्यामुळे मागच्या प्रत्येकाला होणारा उशीर मात्र कुणाच्याच वहीत चढत नाही, हे त्यांचं म्हणणं. १९५९ साली त्यांनी वॉशिंग्टनसाठी योजना मांडली: प्रत्येक गाडीत एक यंत्र, रस्त्यारस्त्यावर तिची नोंद, गर्दीच्या वेळी जादा दर आणि महिन्याचं बिल घरपोच. हे फार खर्चिक, असं लोक म्हणाले. विक्रेंनी स्वतःच्या गाडीत साधा रेडिओ ट्रान्समीटर बसवला, नोंदी घ्यायला घरी संगणक ठेवला आणि आपल्या येण्याजाण्याच्या वेळांची यादी मित्रांपुढे धरली. १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तिसऱ्याच दिवशी ते गेले. त्यांच्या न्यूयॉर्कने ९ डॉलरचा आकार लावला तो थेट ५ जानेवारी २०२५ ला.

असा आकार लागला की लोक चिडतातच. स्टॉकहोममध्येही बहुमत विरोधातच होतं. जानेवारी २००६ मध्ये सात महिन्यांचा प्रयोग सुरू झाला, शहराच्या वेशीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहरवासीयांनी त्याच आकाराला कौल दिला.

मुंबईत मात्र उलटी गंगा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा ४५ रुपयांचा टोल माफ झाला. तो उड्डाणपुलांच्या खर्चापोटी होता, कोंडीपोटी नव्हे. नाक्यावरच्या रांगांनी उलट कोंडीत भरच पडायची, हे खरं. पण मे २०२५ मध्ये बेस्ट बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. एका बसमधले पन्नास जण ज्या मोटारींमागे ताटकळतात, त्या मोटारींना सूट आणि बसमधल्या प्रवाशांना दुप्पट भाडं! हा सरळ अन्याय आहे.

‘गरिबाने काय करायचं?’ हा आक्षेप रास्त आहे, पण मुंबईतला गरीब मोटारीत नाही, लोकलमध्ये आणि बसमध्ये आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. स्टॉकहोमने आकार लावण्याच्या चार महिने आधी, ऑगस्ट २००५ मध्येच, जवळपास २०० नव्या बस रस्त्यावर आणल्या होत्या. मुंबईतही आधी बेस्टच्या बस वाढवाव्यात, मग मोटारींना आकार लावावा आणि त्याचा पैसा पुन्हा बेस्टलाच द्यावा.