टिकली, चप्पल आणि पाठीवरच्या वाट्या

टेबलावर छोट्या सिरिंज रांगेने मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर एक नाव चिकटवलेलं असतं: निकेल, क्रोमेट, रबरातली रसायनं, सुगंधी मिश्रण, केसांच्या कलपातलं पीपीडी, गाजर गवत. शेजारी चिकटपट्टीवर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या वाट्या, जेमतेम ८ मिलिमीटर व्यासाच्या. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पॅच टेस्टची, म्हणजे कातडीला कशाच्या स्पर्शाची ॲलर्जी आहे ते शोधणाऱ्या चाचणीची, ही तयारी मी जवळ बसून पाहिली. तंत्रज्ञ ताई एकेका वाटीत मलमाचा बारीक ठिपका सोडत होत्या. प्रत्येक संशयित पदार्थ व्हॅसलीनमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळलेला असतो. एका वाटीत मात्र नुसतं व्हॅसलीन, बाकीच्यांशी ताडून पाहायला. ठिपका मोठा झाला तर तो वाटीबाहेर पसरतो आणि मग लाली कशामुळे आली ते सांगता येत नाही. त्यामुळे ताईंचा हात फार आवरता.

स्टुलावर पाठ करून बसलेल्या मावशींच्या कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, खाजरा गोल चट्टा होता. मानेच्या मागे, मंगळसूत्राच्या साखळीची कडी टेकते तिथे दुसरा. डॉक्टर मावशींना म्हणाल्या, "जरा पाय दाखवा." पावलांवर, चपलेच्या पट्ट्याखाली, कातडी काळपट नि जाड झाली होती. ती भेग नव्हे, तोही चट्टाच. मावशींनी तो कधी दाखवला नव्हता, कारण चपलेचा आणि कपाळाचा काय संबंध?

त्यांचं म्हणणं एकच: "वीस वर्षं हीच टिकली लावते, कधी काही झालं नाही." हे वाक्य त्या विभागात दिवसभर ऐकू येतं, आणि खऱ्या कारणापासून सगळ्यात जास्त माणसांना तेच दूर नेतं. ही ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. पदार्थ कातडीत मुरतो, तिथल्या पेशी त्याची ओळख प्रतिकारशक्तीला करून देतात आणि त्याला ओळखणाऱ्या टी पेशी तयार होतात. हे कधी महिन्यांत घडतं, कधी वर्षांनी. एकदा ती ओळख पटली की पुढच्या प्रत्येक स्पर्शाला एक-दोन दिवसांनी खाज सुटते. तोवर माणूस आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीला दोष देऊन मोकळा झालेला असतो.

वाट्यांच्या पट्ट्या सोमवारी मावशींच्या पाठीवर लागल्या. बुधवारपर्यंत अंघोळीला पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडचं मलम पाठीवर लावलं असेल तर चाचणी आधीच फसते. १८९५ मध्ये योझेफ याडासोन या जर्मन डॉक्टरने ही पद्धत मांडली. आजही तिचं तत्त्व तेच आहे: संशयित पदार्थ कातडीवर ठेवायचा आणि वाट बघायची.

बुधवारी पट्ट्या काढल्यावर लगेच कोणी निकाल सांगत नाही. नुसत्या दाबाने आणि चिकटपट्टीनेही लाली येते. ती ओसरू देतात, मग दिव्याखाली पाहतात आणि बोटाने चाचपतात. लाल रंगापेक्षा कातडी फुगली आहे का, बारीक पुटकुळ्या आल्या आहेत का, हे महत्त्वाचं. त्यावरून एक, दोन की तीन अधिक चिन्हं द्यायची ते ठरतं. शुक्रवारी पुन्हा तेच. नुसती आग झालेली जागा तोवर बहुधा निवते, खरी ॲलर्जी चढते. मावशींच्या पाठीवर शुक्रवारी दोन जागा फुगलेल्या होत्या: निकेल, आणि पॅरा-टर्शरी ब्यूटिलफिनॉल फॉर्मल्डिहाइड रेझिन. हे लांबलचक नाव म्हणजे टिकलीमागच्या आणि चामडी चपलांच्या गोंदातलं एक रेझिन. काहींच्या कपाळावर त्यामुळे पांढरा डागही राहतो. कपाळ आणि पाऊल एकाच कागदावर आले.

निकेलची खातरजमा तर डोळ्यांसमोर झाली. कापसाच्या बोळ्यावर डायमिथाइल-ग्लायऑक्झाइम आणि अमोनियाचे थेंब टाकून ताईंनी साखळीची कडी घासली. बोळा गुलाबी झाला, म्हणजे कडीतून निकेल सुटतंय. मावशींनी तो बोळा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

इथवर विज्ञान काम करतं. पुढे गाडं अडतं ते पाकिटावर. मी नंतर दुकानात टिकल्यांची पाकिटं उलटून पाहिली: आकार, रंग, किंमत, बस्स. गोंद कसला, याचा शब्द नाही. ज्या बाईला त्या गोंदाचं नाव कळलं आहे तिने ते वाचायचं कुठे? रोज, वर्षानुवर्षं कातडीला चिकटणाऱ्या वस्तूवर हे छापलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. क्रीम-शाम्पूच्या बाटलीवर निदान यादी असते; जे जास्त ते आधी, आणि एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने. पण 'फ्रेग्रन्स' या एका शब्दाखाली डझनावारी सुगंधी द्रव्यं दडू शकतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नावानिशी सांगायच्या अशा द्रव्यांची यादी ऐंशीच्या पुढे नेली. 'नैसर्गिक' या शब्दावरही विसंबू नये. बिब्बा नैसर्गिकच, पण तो उततो हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक होतं. आणि शेताच्या बांधावरच्या गाजर गवताने पापण्या सुजलेले शेतकरी याच विभागात येतात.

जाताना मावशींच्या हातात नावांचा कागद होता. मंगळसूत्र दोऱ्यात ओवून घ्यायचं ठरलं, चप्पल शिवलेली, बिनगोंदाची शोधायची. अडलं ते कपाळावर. "मग मेणावर कुंकू लावू का, आई लावायची तसं?" डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं नाही. बाजारच्या कुंकवातले रंगही काहींना सोसत नाहीत, मेणही नाही. आधी दोन्ही वेगवेगळे, कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, दोन आठवडे लावायचे. एका हाताला मेण, दुसऱ्याला कुंकू. खाज सुटली की थांबायचं आणि दाखवायला यायचं.